‘कोणी सांगितलं तुम्हाला?’ – दवाखान्याच्या रिसेप्शनवरून चुकीची वेळ मिळते, काय करावं?

दिंडोरीची_कॅशियर

नमस्कार. मी दिंडोरीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे. प्रश्न नाशकातल्या एका खासगी डोळ्यांच्या दवाखान्याबद्दल आहे. नाव लिहीत नाही, कारण आईचे उपचार अजून तिथेच चालू आहेत आणि तिथल्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण त्यांच्यापर्यंत पोहोचता पोहोचता आमचे जे हाल होतात, त्याबद्दल लिहिते.

आई ६८ वर्षांची. साखरेची गोळी वीस वर्षांपासून चालू. यंदा पावसाळ्यात डाव्या डोळ्याने ओळी वाकड्या दिसायला लागल्या. तपासलं तर पडद्याला सूज. सध्या दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घ्यायचं आहे. पडद्याचे डॉक्टर त्या दवाखान्यात रोज नसतात, बाहेरून येतात. आई भावाकडे राहते, वणीच्या अलीकडे मळ्यात. भाऊ सकाळी मोटारसायकलवर तिला दिंडोरी स्टँडवर आणून सोडतो, मी तिथून तिला घेऊन नाशिकची एसटी धरते. निमाणीला उतरायचं, पुढे रिक्षा. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून एसटीचा भार वाटत नाही. पण रिक्षा, माझी रजा आणि भावाची सकाळ? ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेतली एक सकाळ मोडणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको.

पहिली वेळ ऑक्टोबरमधली. गुरुवारी दवाखान्यात फोन केला. ‘शनिवारी पडद्याचे डॉक्टर आहेत ना?’ ‘हो, आहेत ना, या दहापर्यंत.’ गेलो. काउंटरवर दुसरीच मुलगी होती. तिने रजिस्टर उघडलंही नाही. ‘आज दुसरा शनिवार. सर पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी असतात. कोणी सांगितलं तुम्हाला?’ दुसरा शनिवार म्हणून आमची पतसंस्था बंद होती, त्यामुळे माझी रजा तेवढी वाचली. आई मात्र पहाटे पाचला उठून तयार झालेली.

दुसरी वेळ नोव्हेंबरमधली, आणि हीच मला विसरता येत नाही. तिसरा शनिवार आहे ना, हे मी कॅलेंडर समोर ठेवून विचारलं. ‘हो. साडेनऊला या. इंजेक्शन आहे ना, मग उपाशी आणा.’ मी आईला तेच सांगितलं. आईने सकाळी सातला सवयीने साखरेची, ग्लिमेपिराइडची गोळी घेतली आणि पोटात काही घातलं नाही. गोळीचं काय करायचं ते मी विचारलं नाही, तिकडूनही कोणी सांगितलं नाही. साडेनऊला आम्ही हजर. डॉक्टर ऑपरेशनला. अकरा वाजता ‘येतीलच’. बाराला ‘पाच मिनिटं’. पाऊण वाजता आईचा हात माझ्या हातात थरथरायला लागला. कपाळावर घाम. मला म्हणाली, ‘बाई, मला कसंतरी होतंय.’ सिस्टरने बोट टोचून साखर पाहिली, ५४. तिने धावत जाऊन साखरेचं पाणी आणलं. त्या सिस्टरचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. दोन वाजता इंजेक्शन झालं, दहा मिनिटांत. डॉक्टर म्हणाले, ‘उपाशी का आणलंत? याला उपाशी लागत नाही.’ खाली येऊन काउंटरवर विचारलं तर पुन्हा तेच, ‘कोणी सांगितलं तुम्हाला?’

तिसरी वेळ डिसेंबरमधली. या वेळी तारीख आणि वेळ काउंटरवरच्या मुलीने स्वतःच्या हाताने फाइलवर लिहून दिली होती. आम्ही पोहोचलो तर डॉक्टर रजेवर. ‘आम्हालाही सकाळीच कळलं.’ माझा मोबाइल नंबर त्याच फाइलवर वरच्या कोपऱ्यात लिहिलेला आहे. सकाळी आठला फोन आला असता तर आम्ही दिंडोरी स्टँडवरूनच परत फिरलो असतो. इंजेक्शन दोन आठवडे पुढे गेलं.

मी अकरा वर्षं काउंटरवर बसते. खातेदाराने शिल्लक विचारली आणि संगणक बंद असला, तर मी ‘थांबा काका, बघून सांगते’ म्हणते. अंदाजाने आकडा सांगत नाही. चुकून शंभर रुपये जास्त गेले तर संध्याकाळी कॅश जुळत नाही आणि ते माझ्या खिशातून भरावे लागतात. म्हणून हात राखून बोलायची सवय लागते. दवाखान्यात चुकीची वेळ सांगितली तर त्याची झळ सांगणाऱ्याला लागत नाही. ती मळ्यातून आलेल्या म्हातारीला लागते. आणि वर ‘कोणी सांगितलं तुम्हाला’ असं विचारलं की चूक आपलीच असल्यासारखं वाटतं. पहिल्या वेळी आई त्या मुलीला खाली मान घालून म्हणाली, ‘फोनवर सांगितलं होतं, माय.’ जणू माफी मागत होती. ते मला फार लागलं.

मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. फोनवर नेमकं काय विचारलं म्हणजे खरी माहिती मिळते? लेखी तक्रार कुठे आणि कशी द्यायची? आणि उपचार तिथेच चालू असताना तक्रार केली तर आईला त्रास होईल का? ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया लिहा.

सिडकोतली_ताई

तुमचं वाचून पोटात कालवलं. मी सहा वर्षं नाशकातच एका दवाखान्यात रिसेप्शनला होते, आता घरी शिवणकाम करते. त्यामुळे काउंटरच्या आतून हे कसं दिसतं ते सांगते. त्या मुलींची बाजू घेत नाहीये. ५४ साखर वाचून मला स्वतःची लाज वाटली, कारण ‘उपाशी आणा’ हे मीही अनेकांना सांगितलंय.

आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की ‘माहीत नाही’ म्हणायचं नाही. माहीत नाही म्हटलं की पेशंट दुसरीकडे जातो. मग फोनवर तोंडातून ‘हो, आहेत, या’ हेच निघतं. समोर पंधरा माणसं उभी, एक बिलावरून भांडतोय, मेडिक्लेमवाला कागद मागतोय, फोन खांद्यात धरलेला. अशा वेळी विचारणाऱ्याला ‘हो’ हवं असतं आणि आपणही ‘हो’ म्हणून मोकळं होतो.

दुसरं, बाहेरून येणाऱ्या डॉक्टरांचं वेळापत्रक रिसेप्शनकडे नसतंच. ते असतं त्यांच्या असिस्टंटकडे किंवा ओपीडीच्या सिस्टरकडे. सर येणार नाहीत हे व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर रात्री अकराला पडतं. सकाळच्या पाळीची मुलगी त्या ग्रुपमध्ये असेलच असं नाही. ‘आम्हालाही सकाळीच कळलं’ हे बऱ्याचदा खरं असतं. पण कळल्यावर फाइली काढून वीस जणांना फोन करणं हे कोणाच्याच कामात लिहिलेलं नसतं. खरा घोळ तिथे आहे.

तिसरी गोष्ट पेशंटला कोणी सांगत नाही. साडेनऊ ही डॉक्टरांची वेळ नसते, ती नोंदणीची वेळ असते. आमच्याकडे साडेनऊ ही वेळ तीस-तीस जणांना दिलेली असायची. केसपेपर, नंबर, दृष्टी तपासणी, डोळ्यात थेंब, पडद्याचा स्कॅन, एवढं उरकल्यावर डॉक्टर. ऑपरेशनचा दिवस असेल तर डॉक्टर आधी ऑपरेशनं उरकतात आणि मग ओपीडीत बसतात.

म्हणून फोनवर ‘डॉक्टर आहेत का’ विचारू नका. त्याचं उत्तर हो-नाहीत मिळतं आणि ते बहुतेक वेळा ‘हो’च असतं. असं विचारा : ‘पडद्याचे डॉक्टर ओपीडीत किती वाजता बसणार? त्याआधी ऑपरेशनं आहेत का? आमच्या आधी किती नंबर आहेत?’ या प्रश्नांची उत्तरं द्यायला मुलीला उठून बघावंच लागतं. ती म्हणाली ‘थांबा, विचारते’ तर ती माहिती बरी. लगेच उत्तर आलं तर म्हणा, ‘ताई, ओपीडीच्या सिस्टरला विचारून सांगता का, मी धरून ठेवते.’ आणि खायचं-प्यायचं, गोळ्यांचं रिसेप्शनला कधीच विचारू नका. आम्हाला त्यातलं काही शिकवलेलं नसतं. मोतीबिंदूच्या काही पेशंटना उपाशी बोलवायचे, ते ऐकून ऐकून आम्ही सगळ्यांनाच तसं सांगायचो.

बोलणारीचं नाव विचारा. रागाने नको, साधं ‘आपलं नाव काय ताई?’ एवढंच. नाव दिलं की माणूस दोनदा बघून बोलतो. हे मी माझ्यावरून सांगते.

इंदिरानगरवाला

त्रास झाला हे मान्य, पण थोडं डॉक्टरांच्या बाजूनेही बघा. ऑपरेशन मध्येच अडकतं, इमर्जन्सी येते. दवाखाना म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल नाही. सात-आठ हजारांवर काम करणाऱ्या पोरींवर तक्रारी करून काय होणार? तिची नोकरी जाईल, तुमची वेळ तशीच चुकत राहील.

दिंडोरीची_कॅशियर

इमर्जन्सीबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. कोणाचा डोळा वाचवायला डॉक्टर तीन तास अडकले तर आम्ही तीन तास बसू, आईसुद्धा बसेल. पण ‘सर ऑपरेशनला आहेत, दोन वाजतील, आजींना काही खाऊ घाला’ हे एक वाक्य मला साडेनऊलाच मिळायला हवं होतं. डॉक्टर ऑपरेशनला आहेत हे तेव्हाच सगळ्यांना माहीत होतं. उशीर मी सहन करीन, माझ्यापासून तो लपवलेला सहन होत नाही. मुलीच्या नोकरीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मात्र मनात राहिलं. त्यावर विचार करते.

नेत्रतज्ज्ञ_नाशिक

मी याच क्षेत्रात आहे, म्हणून फक्त वैद्यकीय भागाबद्दल. तुमच्या आईंना तपासलेलं नाही, तेव्हा शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच.

पडद्याच्या सुजेसाठीचं हे इंजेक्शन साधारणपणे थेंब टाकून, डोळा बधिर करून दिलं जातं. त्यासाठी उपाशी राहावं लागत नाही. पूर्ण भूल द्यायची असेल तेव्हा उपाशी राहणं आवश्यक असतं, आणि ते डॉक्टर किंवा भूलतज्ज्ञ स्वतः सांगतात, गोळ्यांचं काय करायचं त्यासकट. ग्लिमेपिराइडसारखी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न असो वा नसो, ती आपलं काम करते. गोळी घेऊन उपाशी राहिलं तर साखर उतरू शकते, आणि वयस्कर माणसात ते धोक्याचं. ७० च्या खाली गेली की उतरली समजायचं. माणूस शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून लगेच द्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, आकडा वर आला नसेल तर परत द्यायचं. नंतर पोटभर खायला. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, घसा-श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. डॉक्टरांना हाक मारा किंवा १०८ ला फोन करा. मधुमेहाच्या पेशंटला कोणी ‘उपाशी या’ म्हटलं तर पुढचा प्रश्न कायम हाच : ‘मग साखरेच्या गोळीचं काय करायचं?’ ज्याला याचं उत्तर येत नाही, त्याचा ‘उपाशी या’ हा सल्लाही ऐकायचा नाही.

डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही. आईंना एकटं परत पाठवू नका. तुम्ही सोबत जाता हे उत्तम.

सुरुवातीची इंजेक्शनं दर महिन्याला का देतात, तेही सांगतो. औषधाचा परिणाम काही आठवड्यांत ओसरतो आणि सूज पुन्हा चढू लागते. दोन आठवड्यांच्या उशिराने सगळं बिघडेल असं नाही, घाबरू नका. पण उशीर वारंवार झाला तर नजरेचं नुकसान होऊ शकतं. तारीख चुकणं ही फक्त गैरसोय नाही, हे दवाखान्याला तुम्ही स्पष्ट शब्दांत सांगायला हवं.

आमच्यासारख्या डॉक्टरांनाही एक गोष्ट मान्य करावी लागेल. खाली काउंटरवर आपल्या नावाने काय सांगितलं जातं, हे आम्ही फारसं विचारत नाही. तुमचा धागा वाचून मी आज माझ्याच दवाखान्यात दुसऱ्याच्या मोबाइलवरून फोन करून पाहिला. मिळालेली वेळ चुकीची होती.

सुरगाण्याचा_मास्तर

आमच्याकडून नाशिकला यायचं म्हणजे पहाटेची गाडी. घाटातून तीन तास. शाळेतल्या एका मुलाच्या आजोबांना मी तपासणीला घेऊन आलो होतो. ‘उद्या या’ म्हणाले. उद्या कुठून येणार? त्यांनी रात्र स्टँडवर काढली. ‘उद्या या’ म्हणणाऱ्याने पेशंट कुठून आला ते आधी विचारावं. एवढंच. जिल्ह्याचे कितीतरी पेशंट पेठ, सुरगाणा, कळवण, सटाण्याकडून येतात, आणि वेळा मात्र गंगापूर रोडला राहणाऱ्याच्या सोयीने ठरतात.

जुना_ग्राहक_कार्यकर्ता

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. बरीच वर्षं ग्राहक चळवळीत काढली, त्यावरून लिहितो.

पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात स्पष्ट केलं. नवा ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, जुलै २०२० पासून लागू. ‘सेवेतील त्रुटी’ ही त्यातली कल्पना इथे लागू पडते. पण मी तुम्हाला आज जिल्हा ग्राहक आयोगात जा असं सांगणार नाही. वेळ चुकीची सांगितली एवढ्यावरून खटला उभा करायचा तर पुरावा लागतो, आणि फोनवरच्या बोलण्याचा पुरावा तुमच्याकडे नाही. मात्र मार्ग माहीत असू द्या. घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार दाखल करता येते, सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. नुसता सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

त्याआधीची पायरी कामाची आहे. शुश्रूषागृह (नर्सिंग होम) नोंदणी नियमांमध्ये आपल्या राज्याने २०२१ साली सुधारणा केली. त्यानुसार दवाखान्याने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं आहे, आणि नोंदणी देणाऱ्या स्थानिक यंत्रणेने तक्रार निवारण कक्ष ठेवायचा आहे. नाशिक शहरात ही यंत्रणा म्हणजे महापालिकेचा वैद्यकीय विभाग. मुख्यालय शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात की भिंतीवर सनद शोधा. दिसली नाही तर फोटो काढून ठेवा.

पण सगळ्यात आधी दवाखान्याच्या व्यवस्थापकाला एक पानाचं पत्र. मी लोकांना नेहमी सांगतो की पत्रात विशेषणं नकोत. ‘उर्मट’, ‘बेजबाबदार’ हे शब्द आले की समोरचा त्या शब्दांवर वाद घालतो आणि घटना बाजूला पडते. तारीख, वेळ, कोणत्या नंबरवर फोन केला, काय सांगितलं, प्रत्यक्षात काय झालं. तुमच्या मोबाइलच्या कॉल यादीत फोन केल्याची वेळ आणि मिनिटं असतात, त्याचा फोटो जोडा. फाइलवर लिहून दिलेल्या तारखेची झेरॉक्स जोडा, तो तुमचा सर्वांत भक्कम कागद. साखर ५४ असल्याची नोंद केसपेपरवर आहे का ते पाहा. नसेल तर नोंदींची प्रत लेखी मागा. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्यात, हे डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेतच आहे. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर ‘मिळाले’ असा शिक्का, सही आणि तारीख घेतल्याशिवाय परतू नका. शिक्का नाही म्हणाले तर स्पीड पोस्टाने पाठवा.

आणि पत्राच्या शेवटी काय हवं ते लिहा. बहुतेक जण घडलेलं सगळं लिहितात आणि मागणीच लिहायची राहते.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर : आजवरच्या अनुभवात, सभ्य भाषेत लेखी तक्रार केली म्हणून पुढचे उपचार बिघडवले असं मी पाहिलेलं नाही. उलट फाइल आली की लोक जरा जपून वागतात. मनात भीती असेल तर पत्राची एक प्रत डॉक्टरांच्या हातात द्या.

दिंडोरीची_कॅशियर

सगळ्यांचे मनापासून आभार. महिन्याभराने लिहितेय, कारण काहीतरी झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

पत्र एका पानात बसवलं. पहिला मसुदा अडीच पानांचा होता, त्यात राग होता. तो पतसंस्थेतल्या आमच्या वसुलीच्या साहेबांना दाखवला, त्यांनी निम्म्याहून जास्त खोडला. मागण्या तीनच ठेवल्या. डॉक्टर येणार नसतील तर फाइलवरच्या नंबरला सकाळी सातच्या आत फोन किंवा मेसेज. खाण्याचं आणि गोळ्यांचं फक्त सिस्टरने सांगायचं. आणि काउंटरवर पाटी, की कोणते डॉक्टर आज ओपीडीत किती वाजता बसतील.

शिक्का लगेच मिळाला नाही. ‘ठेवून जा, साहेब बघतील.’ मी तिथल्या खुर्चीवर बसून राहिले. तासाभराने व्यवस्थापकांनी आत बोलावलं. माणूस वाईट नव्हता. साखरेचा आकडा वाचून त्यांनी चष्मा काढला आणि काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, ‘कोणत्या मुलीने सांगितलं ते सांगा, मी आजच बघतो.’

दुसऱ्या फोनच्या वेळी नाव मला कळलं होतं. फोन ठेवताना तिकडून कोणीतरी तिला हाक मारली होती. ते नाव माझ्या वहीत आहे. आधीची मी असते तर त्या खोलीत ते सांगून मोकळी झाले असते. पण सिडकोतल्या ताईंनी लिहिलेलं डोक्यात होतं, इंदिरानगरच्या दादांचं वाक्यही होतं. मी म्हटलं, ‘नाव देणार नाही. तिला तुम्ही शिकवलेलं नाही, ते शिकवा. तिचा पगार कापलात तर उद्या तिच्या जागी येणारी मुलगी पुन्हा हेच सांगेल.’ ते म्हणाले, ‘मॅडम, फोनवर कोण काय सांगतं ते आमच्या हातात नसतं.’ मी म्हटलं, ‘मग ते माझ्या आईच्या हातात कसं असेल?’

शिक्का मिळाला. रुग्णहक्कांची सनद भिंतीवर होती, लिफ्टच्या बाजूला, कुंडीच्या मागे. त्याचाही फोटो काढला.

तिन्ही मागण्या मान्य झाल्या असं नाही. पाटी लागली, पांढरी, मार्करने लिहायची. पण पहिल्या शनिवारी तिच्यावर आधीच्या आठवड्याचीच वेळ होती. मी काउंटरवरच्या मुलीला सांगितलं तर तिने उठून पुसली आणि आत विचारून नवी लिहिली. मेसेजचं ‘सॉफ्टवेअरवाल्यांशी बोलतोय’ म्हणतात. खाण्याचं मात्र बदललं. आता फोनवर विचारलं की ‘थांबा, सिस्टरला देते’ असं म्हणून खरंच सिस्टरला देतात. महापालिकेकडे अजून गेले नाही. मेसेजचं पुढच्या दोन महिन्यांत झालं नाही तर जाणार, पत्राची प्रत तयार आहे.

सिडकोतल्या ताई, तुमचे प्रश्न मी कागदावर लिहून भावाच्या घरी फोनशेजारी भिंतीला चिकटवलेत. आता वहिनीही फोन करते. मळ्याशेजारच्या दोघांनी तो कागद उतरवून नेला, एकाचं किडनीच्या डॉक्टरांकडे चालू आहे.

आणि या शनिवारचं सांगते. शुक्रवारी संध्याकाळी सहाला अनोळखी नंबरवरून फोन आला. तीच मुलगी, आवाज ओळखला. ‘मॅडम, उद्या सरांची सकाळी ऑपरेशनं आहेत, ते दोनला बसतील. आजींना सकाळी आणू नका. आणि जेवू घालून आणा, सिस्टरनी सांगितलंय.’ मी थँक्यू म्हटलं, तिचं नाव घेऊन. ती जराशी गप्प झाली, मग ‘बरं’ म्हणून फोन ठेवला.

आईने घरी भाकरी-भाजी खाल्ली, गोळी घेतली. आम्ही साडेअकराची एसटी धरली.